सुयांचा डबा

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर दोघी होत्या, निवृत्त नर्स आणि तिची लेक. मध्ये सुया वाफेने निर्जंतुक करायला लेकीने बनवलेला डबा: एक झाकण, एक जाळी, इंजेक्शनच्या बारा सुयांची जागा.

“आई, सुया निर्जंतुक निघाल्या नाहीत, तर दवाखाना डबा घेणार नाही.”

“निघतील गं. वाफ सुईच्या आतूनच जाते, तिला दुसरी वाटच ठेवली नाहीस तू.”

“पहिल्या डब्यात टोकं खाली ठेवली होती.”

“सगळ्या बोथट झाल्या! टोचून घेताना बाबांनी केवढी बोंब ठोकली!”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत की! अहो ताई, हा डबा माझ्या लेकीने बनवलाय.”

“आई!”

दार उघडलं. तपासनीस म्हणाले, “पाच फेऱ्यांतल्या साठ सुया तपासल्या. एकाही सुईत जंतू वाढले नाहीत.”