बटण दाबल्यावर

(स्वयंपाकघर. आत्या रुग्णालयातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. भाची सॉफ्टवेअर कंपनीत नवी.)

भाची: म्हणजे पेशंटच्या श्वासावर लक्ष ठेवणारं ते मशीन बरोबरच चाललं, आत्या. मी लिहून दिलं होतं तसंच.

आत्या: आणि पेशंट गेला.

भाची: हो. शेजारच्या खाटेवर एकाला उलट्या होत होत्या, म्हणून सिस्टरनं याच्या वाजणाऱ्या मशीनचा आवाज तेवढ्यापुरता बंद केला. मग याचा श्वास मंदावला, तरी ते गप्पच.

आत्या: गप्प का?

भाची: पुन्हा कधी वाजायचं, ते मी लिहिलंच नव्हतं. प्रोग्रॅम करणारे स्पेकमध्ये, म्हणजे मी लिहून दिलेल्या कागदात, असेल तेवढंच बनवतात गं.

आत्या: आमच्या वॉर्डात पितळी घंटा होती. नातेवाईक ती वाजवून जीव नकोसा करायचे. एकाच्या हातातून मी ओढून घेतली, तर पठ्ठ्यानं ताट बडवायला घेतलं.

भाची: तुला हसू सुचतंय.

आत्या: हसत नाहीये. माणूस गप्प बसत नाही, एवढंच म्हणतेय.

भाची: ऑफिसातले सर म्हणतात, शिकताना चुका व्हायच्याच. उद्या चौकशी समिती स्पेक मागणार. त्याआधी एक ओळ घालून दे म्हणाले, ‘आवाज पुन्हा सुरू करणं ही सिस्टरची जबाबदारी.’ तारीख जुनीच ठेवायची.

आत्या: आणि ती सिस्टर?

भाची: घरी बसवलंय. तिचा फोन आला होता. रडली नाही. बटण दाबल्यावर मशीन किती वेळ गप्प राहतं, एवढंच विचारलं.

आत्या: काय सांगितलंस?

भाची: सरांना विचारून सांगते म्हटलं.

आत्या: वा.

भाची: टोमणे नको मारूस. मला काढून टाकतील.

आत्या: काढतील. खोटं कशाला बोलू? पण तिच्याकडे आत्तापासूनच बोट दाखवत असतील. आमच्यातली एक सिस्टर अशाच ठपक्यामुळे शहर सोडून गेली. तिची चूक नव्हती हे पुढे कळलं, पण तिला कळवायला पत्ता नव्हता कुणाकडे. तिचा चेहरा अजून दिसतो मला.

भाची: मग मी काय करू?

आत्या: लिहायला काय शिकवलंय तुला?

भाची: एका वाक्यात एकच गोष्ट. ‘शक्यतो’, ‘साधारण’ असले शब्द नकोत.

आत्या: मग समितीला तसंच लिही. बस इथं.

भाची: ‘बटण दाबल्यावर आवाज बंद होतो. तो आपोआप पुन्हा सुरू होत नाही. हे सिस्टरला सांगितलेलं नव्हतं.’

आत्या: सरळ आहे. खाली नाव?

भाची: घालते. पूर्ण नाव, आणि आजची तारीख.