टरबूज गाडीची कोरी जागा

पितृपक्षातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, ताई — तिथून हे सगळं सुरू झालं. वेळ मी उगाच नाही सांगत. आमच्या पोरीला, देवूला, ताप होता, औषधासाठी मी मोबाइलमध्ये घंटी लावलेली, ती वाजली आणि त्याच घटकेला पेंटरने आमच्या या झुकझुकगाडीच्या इंजिनाला ब्रश टेकवला. आता वाटतं, ती घंटी मलाच सांगत होती — थांब म्हणून. पण कोण ऐकतं? आणा, तुमचं तिकीट बघू. हां — हे बघा, हे पिवळं. आमचं गुलाबी असतं. हे त्या पलीकडच्या गाडीचं आहे, घोडेबाजाराच्या बाजूला जी उभी आहे ना, तिचं. दिसायला सारख्या आहेत, मान्य. तुम्ही एकट्या नाही फसलात, सकाळपासून तुम्ही सातव्या. राहू द्या, आता कुठे परत जाता, बसवा पोरीला. हात आत ठेव गं बाई! अहो, हळू घ्या, लेकरू नवीन आहे! — ते आमचे, भाग्येश. नाव घेतलं की सासूबाई बघतात. पण त्या आत्ता दत्ताच्या दर्शनाला गेल्यात, रांग मोठी आहे, म्हणून तर एवढी बोलतेय.

मालक एकच आहे का, असं विचारलंत ना? व्हायचा होता. तेच तर सांगते. ही गाडी आमच्या सासूबाईंची, सरलाबाईंची — रिक्षाचं इंजिन, वर पत्र्याचं तोंड, मागे तीन डबे, पंधरा वर्षं यात्रा-यात्रांना फिरते. ती दिवलीबाईंची. त्या मोलगीकडच्या, पण गाडी आमच्यासारखीच शहाद्यात ठेवतात. त्यांचा मुलगा दिलवरसिंग चालवतो. आधी आमचं इंजिन लाल होतं, त्यांचं हिरवं. दरवर्षी इथे सारंगखेड्याला आमची पालं शेजारी-शेजारी, चूल एक, पाण्याचा ड्रम एक. मी तिकिटं फाडायची तेव्हा देवू कुठे असायची? दिवलीबाईंच्या मांडीवर. मला लेकराची फार धास्ती, ताई. खरं सांगते, गाडी फिरते तेव्हा मी मनातल्या मनात प्रत्येक डब्याबरोबर पळत असते. पण देवू दिवलीबाईंकडे आहे म्हटल्यावर मी चहासुद्धा बसून प्यायचे. बसून! आता बघा तिला — ओढणीने टेबलाच्या पायाला बांधलीय. हसू नका. शेळी बांधतात तशी माझी पोर बांधलीय मी. देवू, माती तोंडातून काढ!

मग ठरलं, दोन गाड्यांची एक करायची. रूळ जोडून मोठा गोल करायचा, सहा डबे, मध्ये कापडी बोगदा — लेकरं वेडी झाली असती. आणि रंग एकच. दोन्ही घरांचा मान राहायला पाहिजे, म्हणून वर आमचा लाल, खाली त्यांचा हिरवा, मध्ये पांढरा पट्टा. कोणाचं डोकं? माझंच. सातवीपर्यंत चित्रकलेत मला नेहमी चांगला शेरा असायचा. आणि यांनी हौसेने लाल भागावर स्क्रूंची डोकी काळी करून घेतली, शोभतील म्हणून. बघा आता नीट. काय दिसतं? लाल, पांढरा, हिरवा, वर काळ्या बिया — टरबूज! जत्रेतलं एक लेकरू हिला दुसऱ्या नावाने हाक मारत असेल तर शपथ.

पण बोलणी पक्की व्हायची होती दसऱ्याला. आमच्याकडे सुपारी फुटल्याशिवाय काही पक्कं नसतं — लग्न असो, म्हैस असो, गाडी असो. आणि तेव्हा दिवस पितृपक्षाचे, त्यात कोण सुपारी फोडतं? मग रंग कशाला दिला, म्हणता? अहो, जगदीश पेंटर पितृपक्षातच रिकामा असतो ना! ना लग्नाच्या पाट्या, ना दुकानांची उद्घाटनं. घटस्थापना झाली की तो देवालासुद्धा सापडत नाही. मी म्हटलं, सुपारी काय, फुटेलच. रंग मारून ठेवू. तिकडे दिलवरसिंगने पण तेच म्हटलं. घाई दोन्हीकडे सारखी, तेवढ्यात मात्र आमचं एकदम जमलं.

नावाचं पण ठरलेलं — दोघी म्हाताऱ्यांची नावं, जोडीने. फोनवर मी दिलवरसिंगला म्हटलं, भाऊ, दोघींचं लिहू. तो म्हणाला, हो वहिनी, दोघींचं. झालं, ठेवला फोन. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय बोलतो? आधी तुमचं. समोरचा म्हणतो, नाही नाही, आधी तुमचं. असं तीन-चार वेळा होतं, मग एक जण हरतो. तेवढंच बोलायचं राहिलं! सुपारी फुटायच्या आधी दुसऱ्याचं नाव आपल्या इंजिनावर कसं लिहायचं, म्हणून आम्ही फक्त आमचं लिहिलं आणि त्यांच्यासाठी जागा सोडली. त्यांनी त्यांचं लिहिलं, आमच्यासाठी सोडली. पेंटर एकच, ताई! त्याला दिसत नव्हतं? मी विचारलं तर म्हणे, मला कागदावर जे मिळालं ते मी रंगवलं.

दसऱ्याला दोन्ही इंजिनं आणली पूजेला. समोरासमोर, तोंडाला तोंड. झेंडूचे हार, हळदकुंकू, ताटात सुपारी, शेजारी अडकित्ता. वरची ताडपत्री ओढली. इकडे लिहिलंय ‘सरला’ आणि पुढे हातभर कोरी जागा. तिकडे लिहिलंय ‘दिवली’ आणि पुढे हातभर कोरी जागा. दोन्हीकडे आपलं आधी, दुसरीचं नंतर. दिवलीबाईंना वाचता येत नाही, त्या हसत उभ्या. पण आमच्या सासूबाई सही शिकलेल्या. दुसरं काही येत नाही, स्वतःचं नाव मात्र कुठेही ओळखतात — आणि कुठे नाही तेही ओळखतात. म्हणाल्या, “मन्हं नाव तठे मांगे काबरं? मन्ही गाडी पंधरा सालनी शे!” — माझं नाव तिकडे मागे का, म्हणून. दिलवरसिंग म्हणाला, “मावशी, मग आमची आई पण तुमच्याकडे मागेच आहे ना?” तेव्हा कुठे दिवलीबाईंचं हसू गेलं. हळूच विचारलं त्यांनी, “सुनिता, मला मागे तू बसवलं?” आणि सासूबाईंनी काय केलं माहितीये? ताटातली सुपारी उचलली, अडकित्त्याने कातरली आणि खाऊन टाकली. हो! दोन घरांची सुपारी एकट्या चघळत बसल्या. सुपारीच पोटात गेल्यावर बोलणी कशाची करायची?

तेव्हापासून हे असं. इकडचं तिकीट तिकडे, तिकडचं इकडे. परत रंग मारून घ्या म्हणता? सांगितलं ना, जगदीश आता सापडत नाही. आणि... खरं सांगू? एकदा आला होता. सासूबाईंनीच बोलावलेला, त्या कोऱ्या जागेत ‘एक्सप्रेस’ लिहून टाक म्हणून. पांढऱ्या रंगाचा डबा काही केल्या सापडला नाही. सगळं पाल उलथंपालथं केलं. कसा सापडेल? माझ्या गोधडीत होता. अजून आहे. सासूबाईंना नका सांगू, यांनापण नका सांगू. रोज सकाळी ती जागा मी ओल्या फडक्याने पुसते. लोक तिथे स्टिकर चिकटवतात ना, कुस्तीचे, कुठल्या कुठल्या दवाखान्याचे.

पेंटरला पेनाने कागद लिहून दिला तो पण मीच, ताई. सासूबाईंनी मला कुठे सांगितलं होतं सरला आधी लिही? कोणीच नव्हतं सांगितलं. मी आपलं भीतीने लिहिलं, उगाच घरात तोंड फुगायला नको.

आणि काल काय झालं — ओढणी सैल झाली. मी तिकीट फाडलं, खाली बघितलं, टेबलाच्या पायाला नुसती ओढणी. अकरा मिनिटं, ताई. एवढी गर्दी, एवढी घोडी! हे गाडी तशीच चालू सोडून पळाले, लेकरं आत फिरतायत गोल गोल. आणि कुठे होती ही? त्यांच्या गाडीत! टरबूज बघितलं, आपलंच आहे म्हणून चढून बसली. दिवलीबाईंनी तिला दोन फेऱ्या मारून आणलं, मग कडेवर घेऊन आल्या, आमच्या दोरीवरून अलगद आत ठेवली, पदराने तिचं नाक पुसलं आणि गेल्या. सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. एवढं लेकरू आणून दिलं, आणि मी उभी तशीच, हातात गुलाबी तिकिटं घेऊन.

म्हणून म्हणते — तुम्ही घोडेबाजाराकडेच जाणार ना? मग एक निरोप न्या. दिवलीबाईंना सांगा, एक इंजिन या टोकाला लावायचं, एक त्या टोकाला, मध्ये सहा डबे. जे नाव जिथे आहे तिथेच राहू दे, नुसती कोरी जागा भरायची. इकडून येणाऱ्याला सरला आधी दिसेल, तिकडून येणाऱ्याला दिवली. आणि गोल रुळावर कोण पुढे, कोण मागे, सांगा बरं? फिरतंय सगळं. सांगा, रंगाचा डबा माझ्याकडे आहे. सांगा, सुपारी या वेळी मी आणते, आणि ती फुटेपर्यंत सासूबाईंच्या हातात देत नाही. आणि सांगा, देवू काल झोपेत... नको, ते राहू द्या. नाही, सांगा. झोपेत त्यांच्या मांडीसारखी उशी थोपटत होती.

अगं बाई, आल्या सासूबाई, प्रसाद घेऊन इकडेच — उतरवा पोरीला, लवकर, लवकर — अहो ताई, किती वेळा सांगायचं, पिवळं तिकीट इथे चालत नाही! ही सरलाबाईंची गाडी आहे! ती पलीकडची, घोड्यांच्या बाजूची, तिकडे जा! तिकडेच जा सरळ! ...सांगाल ना?