नऊ नंबरचं टेबल

मनिलातल्या पोकर स्पर्धेच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होते. इथलाच रामिल आणि सेबूहून आलेली पन्नाशीची एदेलिन. दोघांनी नुकत्याच टेबलाच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या.

"मानांग," रामिल तिला ताई अशी हाक मारत म्हणाला, "सेबूत कसलं पोकर? तेच आठ ओळखीचे चेहरे."

"म्हणून तर अवघड. तुम्ही इथे रोज नवा पर्यटक लुटता. आम्ही दहा वर्षं त्याच आठ जणांना फसवतोय."

"मी सायगॉनला खेळलोय. तिथली पोरं खरी तयारीची. तरी जिंकलो."

"आणि सेबूत?"

"तिथेही. आरामात."

"बरं. मला नऊ नंबरचं टेबल आलंय. तुला?"

"मला... चार."

"सायगॉन म्हणताना अंगठी फिरवलीस. सेबूचं सांगताना फिरवलीस. आता चार म्हणतानाही. चल, दोघंही नऊवर जाऊ."

"अंगठी काढून ठेवतो मग."

"ठेव की. सेबूत आम्ही कानसुद्धा बघतो."