पाणी येतंय का?

हसू नका, त्या दिवसापासून नाव काठावर पालथी पडलीय. तिला ताडपत्रीचं शीड होतं. वारा पडला की धरणात अडकायचो, म्हणून विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं. मिस्त्री दुष्काळी पाथर्डीचा. त्यानं जन्मभर विहिरींवरचीच इंजिनं दुरुस्त केलेली.

धरणाच्या मधोमध इंजिन बंद पडलं. मला पोहता येत नाही. मिस्त्रीला फोन लावला.

"हवा धरली आसंल. डिझेलच्या नळीचा नट ढिला करा, बुडबुडे जाऊ द्या, नट आवळा अन् मारा हँडल."

मारलं. इंजिन असं धडधडलं, की बुडाची फळीच उकलली. माझा भागीदार शब्बीर डबड्यानं पाणी उपसायला लागला. मी फोनवर ओरडलो, "मिस्त्री, पाणी! पाणी!"

इंजिनाच्या आवाजात त्याला तेवढंच ऐकू गेलं.

"येतंय का पाणी?"

"येतंय! लई येतंय!"

"जोरात?"

"अहो, गुडघ्याला लागलं!"

मिस्त्री म्हणाला, "नशीब काढलं तुमी. आमी तीन विहिरी खांदल्या, थेंब न्हाई," आणि फोन ठेवला.