प्लॅन वर गेलाय

...नाही, मला एक सांगा, मला आइस्क्रीम विकायचंय की किल्ला बांधायचाय? तुम्हाला सांगतो, चांगली चालती नोकरी सोडली, का, तर बायको म्हणाली, मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घ्या, लोक बोर्ड बघून आत शिरतात, तुमच्या तोंडाकडे कोण बघतंय... आणि गाळा तर घरचाच! घरचा म्हणजे सासऱ्यांचा. सासरे वरच्या मजल्यावर, गाळा खाली, आणि मी मधल्या मध्ये.

म्हटलं, रंग देऊ, काउंटर टाकू, उघडू. छे! आधी दुकानाचा प्लॅन कंपनीला पाठवायचा, त्यांनी पास करायचा, तोवर भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. पाठवला. आठवडा गेला, फोन केला, तर ती कंपनीतली बाई, आवाज असा की आइस्क्रीम वितळावं, म्हणते, "सर, तुमचा प्लॅन वर गेलाय."

वर गेलाय... अहो, आमच्याकडे वर गेलेलं कोणी परत येत नाही!

हा आला. कशासाठी, तर बोर्डाचा निळा त्यांच्या निळ्यात बसत नाही. बदलला. पुन्हा वर. पुन्हा खाली, बेसिन डाव्या हाताला हवं. म्हटलं, बाई, डावीकडे जिना आहे, सासरे उतरतात तिथून, बेसिनमध्ये उतरतील! "सर, मी नोंद घेते. प्लॅन वर गेलाय."

इकडे सासऱ्यांचा धीर सुटला. "जावईबापू, महिनाअखेर दुकान उघडलं तर उघडलं, नाहीतर गाळा धाकट्या जावयाला." धाकटा म्हणजे माझा साडू. त्याला गाद्या ठेवायला गोदाम हवंय. तो रोज टेप घेऊन येतो, माझ्यादेखत भिंती मोजतो, वर म्हणतो, "तुमचं चालू द्या, दादा." काय चालू द्या? नोकरी गेली, गाळा जाणार, रात्री डोळ्याला डोळा नाही, बायको पाठ करून झोपते... मी खरंच रडकुंडीला आलो होतो हो.

आणि एके दिवशी फोन. "अभिनंदन सर, प्लॅन पास! मधल्या गोल खांबासकट. फक्त खांब आमच्या निळ्यात रंगवा."

कुठला खांब? माझ्या दुकानात खांबच नाही! धावत कागद काढला. बघतो तर दुकानाच्या मधोमध वर्तुळ, कंपासनं काढल्यासारखं. आणि मग उजेड पडला... शेवटच्या प्लॅनवर गाळामालकाची सही हवी होती. सासरे चहाचा कप घेऊन वरून खाली आले, कप टेकवला प्लॅनवर, सही केली, कप उचलला आणि गेले. मी घाईघाईत तसाच स्कॅन करून पाठवला!

बाईंना म्हटलं, अहो, तो खांब नाही, तो चहा आहे. "सर, पास प्लॅनमध्ये खांब आहे. परवा आमचे साहेब ताडून बघायला येतील. नसेल तर नवा प्लॅन पाठवा, तो वर..." नको! म्हटलं, वर नको, बाई, पाया पडतो, आहे खांब, आहे.

महिनाअखेरही परवाच. आता सासऱ्यांना सांगू, की हे तुमच्या कपानं केलं? सांगितलं, की गाद्या आत आणि मी बाहेर. सुताराला बोलावलं. "साहेब, यावर काय तोलायचंय?" म्हटलं, माझा संसार. केला बिचाऱ्यानं प्लायवूडचा खांब, आतून पोकळ, बाहेरून निळा. साहेब आले, प्लॅन धरला, खांबाला टिचकी मारली, खूश! उघडलं दुकान. काउंटर काही दिसत नाही, गिऱ्हाईक खांबाला वळसा घालून येतं, पण उघडलं. साडू टेप गुंडाळून गेला.

संध्याकाळी सासरे उतरले, हातात चहा. खांबाभोवती फिरले, थोपटला, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! हा आहे म्हणून आता वर मी निर्धास्त झोपेन. जावईबापू, सुचला कसा हो तुम्हाला?"

मी त्यांच्या हातातल्या कपाकडे बघितलं... म्हटलं, "मला कुठला सुचतोय, बाबा. वरूनच आला."