गिअर पडेना त्या सकाळी

गिअर पडत नसला तर आधी गाडीवर संशय घ्यावा की स्वतःवर? यंत्रशास्त्रात डॉक्टरेट करूनही मला हे कळलेलं नाही. धुळ्याला राहणारा माझा मुलगा सारखा म्हणायचा, "आबा, वय झालं, गाडी विकून टाका." तो जळगावला आमच्याकडे यायचा होता, नेमकं त्याच सकाळी गिअर पडेना. नुसती खरखर.

इंजिन बंद करून पाहिलं, तर सगळे गिअर सहज पडले. म्हणजे गिअरबॉक्स ठीक, क्लच पुरता दबत नव्हता. पण दोष क्लचचा की माझ्या गुडघ्याचा? बायकोला माझ्या जागी बसवलं.

"दाब जोरात."

"दाबतेय हो! अर्ध्यावरच अडतंय."

गुडघा निर्दोष सुटला! वाकून पेडलखाली हात घातला, तर चेपलेलं भरताचं वांगं हाती आलं. कालच्या भाजीच्या पिशवीतून घरंगळलेलं.

"अगं बाई, आणि मी एक वांगं कमी दिलं म्हणून त्या भाजीवाल्याला बोल लावला!"

मुलगा आला, किल्ली घेऊन एक चक्कर मारून आला.

"आबा, गिअर लोण्यासारखे पडताहेत. गाडी विकायची नाही."

मला हायसं वाटलं.

"मीच नेतो धुळ्याला."