वरच्या क्लासबद्दल खरे सांगितले जाईल

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वडिलांनी काढलेले शिवणाचे दुकान त्यांच्यामागे मी चालवत होते. तक्रारदार सर हे धंदा वाढवायचा कोर्स मोबाईलवर विकतात. गेल्या वर्षी मी दागिना मोडून तो कोर्स घेतला. तेव्हा सर मला फोनवर उद्योजिका मॅडम म्हणत.

चौथ्या धड्यात त्यांनी सांगितले की किरकोळ कामे बंद करा, मोठे गिऱ्हाईक आपोआप येईल. मी तशी पाटी लावली. चेन बदलायला, पँट आखूड करायला येणारी माणसेच पुढे लग्नाचे कपडे माझ्याकडे शिवायला टाकत. हे सरांना माहीत नव्हते. मला माहीत असून मी त्यांचे ऐकले. माणसे फिरकेनाशी झाली. सरांना फोन केला तर म्हणाले, आता पुढचा कोर्स घ्या. तो याहून महाग होता. भाडे थकले आणि दुकान गेले. त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरे मिळतात. मी त्या रस्त्याने जात नाही.

सर दर शनिवारी पहिल्या मजल्यावरच्या आपल्या ऑफिसात नव्या लोकांना फुकट माहिती देतात. दोन महिन्यांपासून मी त्या इमारतीसमोर फुटपाथवर मशीन मांडून बसते. परवाना सोबत जोडला आहे. पाटीवर लिहिले आहे, 'चेन बदलून मिळेल. वरच्या क्लासबद्दल विचारल्यास खरे सांगितले जाईल.' मी कुणाला अडवत नाही. कोर्स घेण्यासारखा आहे का असे कुणी विचारले, तर हातातले काम करता करता माझे काय झाले ते सांगते. बरेच जण जिना न चढता घरी जातात. त्याचे मला फार समाधान वाटते.

काल सर स्वतः खाली आले. म्हणाले, "मावशी, फी परत घ्या, कोर्स चांगला आहे असा एक व्हिडिओ द्या आणि विषय संपवा."

मी म्हणाले, "मॅडमची मावशी कधी झाले?"

पैसे घेतले नाहीत. शिवीगाळ केली नाही. माझ्यामुळे त्यांचा धंदा बसला, ही त्यांची तक्रार खरी असावी. तो बसावा म्हणूनच मी तिथे बसते. शनिवारी पुन्हा बसणार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'रागाच्या भरात' हे शब्द साहेबांनी आपल्या मनाने घातले होते, ते मी खोडायला लावले. माझे डोके शांत होते व आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.